भाकरीचं पीठ, काळा तवा आणि कॅमेऱ्यातला 'एम'

नवा कॅमेरा आला की आपण तो घेऊन थेट एखाद्या गडावर नाहीतर समुद्रावर जातो. मी म्हणेन, पहिले पंधरा दिवस तो स्वयंपाकघरातच ठेवा. माझा पहिला कॅमेरा कॅननचा १५००डी, सोबत मिळालेली १८-५५ची लेन्स. मॅन्युअल मोड, म्हणजे डायलवरचा 'एम', ज्यात उजेडाचे आकडे आपणच ठरवतो, मी आमच्या पूर्वेच्या खिडकीपाशी शिकले. आई परातीत भाकरी थापायची, मी समोर स्टूल टाकून बसायचे. रोज तीच जागा, तीच वेळ, तोच उजेड. त्यामुळे फोटो बदलला तर तो आपण फिरवलेल्या आकड्यानेच बदलला, हे नक्की कळतं.

आधी दोन बारीक कामं. चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावायच्या खिडकीच्या) कडेची छोटी चकती फिरवून आतले आकडे स्वच्छ दिसतील असं करा. ते धूसर दिसत असतील तर पुढचं सगळं शिकणं अवघड होतं. आणि आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, 'ऑटो'वरून काढा. ऑटोवर ठेवलात तर तुम्ही एक आकडा बदलाल आणि कॅमेरा गुपचूप दुसरा बदलून हिशेब बरोबर करेल, तुम्हाला काहीच दिसणार नाही.

आता डायल 'एम'वर आणा. लेन्स ५५वर, म्हणजे पूर्ण झूमवर ओढा, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) एफ/५.६, आयएसओ ८००. या कॅमेऱ्यात बोटाखालचं चाक नुसतं फिरवलं तर शटर (उजेड किती वेळ आत येतो ते; १/६० म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) बदलतं, आणि 'एव्ही' लिहिलेलं बटण दाबून धरून फिरवलं तर अॅपर्चर. चाकाच्या तीन टिचक्या म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. यालाच स्टॉप म्हणतात. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली पट्टी दिसते, तिच्यावरचा काटा मध्यावर येईपर्यंत शटर फिरवा. आमच्या खिडकीपाशी सकाळी तो १/६०ला मध्यावर यायचा.

१/६०ला आईचा चेहरा स्पष्ट आला, हात मात्र पुसट. भाकरी थापणारा हात तेवढ्या वेळात बराच सरकतो. शटर १/२५० केलं तेव्हा बोटं थांबली, परातीच्या काठावर उडालेलं पीठसुद्धा दिसलं. पण फोटो काळोखा. ६०वरून १२५, १२५वरून २५०, म्हणजे दोन स्टॉप उजेड गेला. तो परत आणायचा तर आयएसओ ८००वरून १६००, मग ३२००. फोटो उजळला, पण आईच्या साडीच्या गडद भागात रवाळपणा आला. एकीकडे घेतलं की दुसरीकडे द्यावं लागतं, हा व्यवहार असा हाताने करून बघा. मग मी मागचं दार उघडलं. आयएसओ १६००वर भागलं. आकड्यांशी झटण्याआधी खिडकी-दार उघडता येतं का बघायचं, ही सवय तेव्हापासून लागली.

अॅपर्चरचे आकडे उलटे का, यावर बरेच जण अडतात. तो आकडा भागाकाराचा आहे. ५५ मिलिमीटरला ५.६ने भागा, भोक साधारण १० मिलिमीटरचं. ११ने भागा, ५ मिलिमीटरचं. व्यास निम्मा म्हणजे क्षेत्रफळ पाव, म्हणून ५.६वरून ११ला जाताना दोन स्टॉप उजेड कमी होतो. त्या बदल्यात एफ/११ला आईचे हात आणि मागची डब्यांची मांडणी दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात, ५.६ला मागचे डबे मऊ होतात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. परातीतल्या ज्वारीच्या पिठाने अख्खी चौकट भरा, काटा मध्यावर आणा, फोटो काढा. मग काळ्या तव्याने चौकट भरा आणि काटा पुन्हा मध्यावर आणा. दोन्ही फोटो शेजारी ठेवा. पीठ मळकं करडं, तवाही करडा! कॅमेऱ्यातला मीटर, म्हणजे तो काटा हलवणारा उजेडमापक, समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. समोर पीठ आहे की तवा, हे त्याला ठाऊक नसतं, तुम्हाला असतं.

म्हणून काटा मध्यावर आणणं म्हणजे मॅन्युअल शिकणं नव्हे. त्याच उजेडात एखादी खरोखर करडी वस्तू शोधा. आमच्याकडे शहाबादी फरशीचा तुकडा होता, तो मी पिठाशेजारी ठेवला. त्याने चौकट भरून काटा मध्यावर आणला आणि मग आकड्यांना हातच लावला नाही. त्याच आकड्यांवर पीठ पांढरं आलं, तवा काळा आला, आईचा चेहरा आईचा आला. तिने पांढरी साडी नेसली काय नि काळी नेसली काय, खिडकीतला उजेड तोच असेल तर आकडे तेच. उजेड बदलला तरच ते बदलायचे. मी 'एम' वापरते ते यासाठीच.

संध्याकाळी एक वेगळी अडचण येते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बऱ्याच ट्यूबा आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५००ला कधी फोटोत काळसर पट्टे येतात, कधी दोन लागोपाठचे फोटो वेगळ्या उजेडाचे वाटतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा.

अंगणात लख्ख उन्हात सुरुवातीला एक जुना आडाखा पुरतो: एफ/१६, आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ १००ला १/१००. एफ/८ हवं असेल तर १/४००.

पंधरा दिवसांनी मी मागून आणलेली ५५-२५०ची लेन्स घेऊन उजनीच्या पाण्यावर गेले. भिगवणजवळ कुंभारगावातून होड्या निघतात, थंडीत तिथे रोहित (फ्लेमिंगो) पक्षी येतात. लेन्स लांब आणि होडी डुलती, म्हणून शटर १/१०००, एफ/८, आयएसओ ४००. तिथे पिठाचा प्रकार उलटा झाला. बगळा पांढरा, पण चौकटीत एवढासा, भोवती सगळं गडद पाणी. मीटर पाण्याला करडं करायला बघतो आणि बगळा जळून जातो, म्हणजे पिसं न दिसता नुसता पांढरा डाग उरतो. मी जवळच्या बगळ्याचा एक फोटो काढून पडद्यावर बघितला. जळालेला भाग तिथे लुकलुकतो, तशी सोय माहितीच्या पडद्यावर असते. पिसं लुकलुकत होती. एक टिचकी, अजून एक; १/१६००ला थांबली.

त्यानंतर रोहितांचा थवा पाण्यावरून उठून आभाळात गेला, मागची पार्श्वभूमी काळ्याची पांढरी झाली, काटा इकडून तिकडे पळाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. ऊन तेच होतं. थोड्या वेळाने सूर्य विरळ ढगाआड गेला, तेव्हा चाक फिरवलं: तीन टिचक्या, १/८००.