जुन्या गाडीची पेट्रोल लाईन उघडायच्या आधी

फिल्टर बदलायचा असो, इंजेक्टर काढायचे असोत नाहीतर मागच्या सीटखालचा पंप, लाईन उघडायच्या आधी प्रेशर काढावंच लागतं. हे एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांचं सांगायलो, २००० च्या आसपासच्या आणि नंतरच्या ८००, झेन, वॅगनआर, सँट्रो वगैरे. कार्बोरेटरवाल्या गाडीला एवढं प्रेशर नसतंच. कॉमन रेल डिझेलवाल्यांनी मात्र हे वाचून पाना उचलूच नका, तिथं १००० बारच्या वरचं काम असतं, धार कातडी फोडून आत जाते. आपल्या पेट्रोल गाडीत साधारण ३ बार, म्हणजे टायरातल्या हवेपेक्षाही जास्त, आणि गाडी बंद करून बराच वेळ झाला तरी ते लाईनीत तसंच दबून राहतं.

पहिलं काम टाकीचं झाकण. सगळेजण फ्यूज-रिलेपासून (रिले म्हणजे पंपाला करंट देणारं छोटं स्विच) सुरू करतात, गेल्या वेळी मीही तेच केलं, झाकण राहिलं, आणि लाईनीचं प्रेशर नीट काढूनसुद्धा पाईप सुटल्याबरोबर पेट्रोल कोपरापर्यंत आलं, थांबेचना. कारण रिले काढल्यावर पंपाचं प्रेशर जातं, टाकीतलं जात नाही. आपल्याकडं एप्रिल-मे मधी लातूर काय, नांदेड काय, परभणी काय, ४२ च्या पुढं पारा, गाडी अंगणात उन्हात उभी, टाकीत वाफ कोंडते आणि तीच वाफ पेट्रोल पुढं ढकलते. म्हणून झाकण हळूहळू फिरवा, तोंड बाजूला ठेवून, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मग परत लावा. परत लावा म्हणजे काम संपलं असं नाही, उन्हात थोड्या वेळात परत वाफ धरते, ते पुढं सांगतोच.

टाकी फुल असंल तर काम पुढं ढकला. फिल्टर बहुतेक गाड्यांत टाकीजवळ खालीच असतो, पेट्रोलची पातळी त्याच्या वर असली की प्रेशर नसतानाही वाहतच राहतं. रिझर्व्हला आल्यावर करा.

जागा उघडी पाहिजे. पत्र्याच्या शेडमधी नको, गॅरेजच्या खड्ड्यात तर मुळीच नको, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि वाहत वाहत लांबच्या ठिणगीपर्यंत जाते. पेट्रोल उणे ४० डिग्रीलासुद्धा पेट घेण्याएवढी वाफ सोडतं, मग आपल्या दुपारी काय होईल ते समजून घ्या. बिडी-सिगारेट सांगायची गरज नाही. पण लोखंडी कूलर बंद करा, त्याच्या बटनात ठिणगी पडते, आणि हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. बाथरूमचा गॅस गिझर, बाहेरची चूल, देवघरातला दिवा, सगळं बघून घ्या. उजेडाला वायरीला लटकवलेला बल्ब घेऊ नका, गरम काचेवर पेट्रोलचा थेंब पडला की काच फुटते आणि आत लालबुंद तार असते. एलईडी बॅटरी घ्या. लेकरांना घरात पाठवा. आग विझवायचा पावडरवाला सिलिंडर हाताशी, नसंल तर कोरड्या वाळूच्या दोन बादल्या. पाणी नाही, पाण्यावर पेट्रोल तरंगून आग पसरते. डोळ्यावर चष्मा.

इंजन थंड झाल्यावरच करा. गरम सायलेन्सरवर पेट्रोल पडायची भीती आहेच, शिवाय गरम इंजनवर हे केलं तर कॅटलिस्ट, म्हणजे सायलेन्सरच्या लाईनीतला धूर साफ करणारा भाग, खराब होऊ शकतं.

आता पंपाचा रिले. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिलेलं असतं, पुसलं असंल तर चावी ऑन करा, मागच्या सीटखाली दोनेक सेकंद बारीक गुरगुर येते, जो रिले काढल्यावर ती येत नाही तो बहुतेक आपला. काढून गाडी चालू करा. इथं नीट बघा, गाडी थोडी चालली पाहिजे, मग अडखळत अडखळत बंद पडली पाहिजे. चालूच झाली नाही किंवा लगेच फटकन बंद झाली तर तुम्ही भलतंच काहीतरी काढलंय, काही गाड्यांत एकाच फ्यूजवर इंजनचा कॉम्प्युटरपण असतो, इंजन मरतं आणि प्रेशर जिथल्या तिथं. अशा वेळी सीटखालचा पंपाचाच सॉकेट काढा. गाडी स्वतःहून बंद पडली की दोन-तीनदा सेल्फ मारा, तीन-तीन सेकंद, जास्त नाही. मग चावी काढा आणि त्यानंतर बॅटरीची मायनस. आधी मायनस काढली तर सेल्फ कशानं मारणार?

गाडी जॅकवर असंल तर खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर कुणी खाली शिरू नका.

आणि आता, पाना लावायच्या आधी, टाकीचं झाकण परत एकदा. हो, परत. मघाशी काढलं होतं म्हणू नका, जॅक लावेपर्यंत, पाने शोधेपर्यंत वाफ परत कोंडली. फुस्स ऐका, बंद करा, लगेच कामाला लागा. मधी चहाला गेलात तर आल्यावर परत झाकण.

जॉइंटला जाड सुती फडकं गुंडाळा, पाना हळू, अर्धा फेरा, थांबा. थोडं पेट्रोल येणारच. खाली जमिनीवर टेकवलेला लोखंडी डबा, पाण्याची प्लास्टिक बाटली नको. वाहायचं थांबत नसंल तर जॉइंट परत आवळा आणि झाकण बघा. तोंडानं पाईप ओढून पेट्रोल काढायची सवय आपल्याकडं लई जणांना, ती सोडा, फुप्फुसात गेलं तर दवाखानाच. पोटात गेलं तर उलटी करवू नका, तसंच दवाखान्यात न्या. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याची धार.

बसवताना फिल्टरचा बाण इंजनकडं, वायसर नवे, जुने परत नको. रबरी पाईप चिरलेला दिसला तर बदला, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला ते मानवत नाही.

रिले लावा, मायनस लावा, चावी ऑन-ऑफ तीन-चारदा, सेल्फ न मारता, जॉइंट कोरडा आहे का बोट फिरवून बघा. मग चालू करा, परत बघा. ओली फडकी उघड्यावर पसरून सावलीत वाळवा, पेट्रोल नालीत ओतू नका.