मेथीची जुडी: बाजारापासून पानापर्यंत

रोजच्या स्वयंपाकाचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांनी सुरुवात एखाद्या मोठ्या बेताने न करता हिवाळ्यातील मेथीच्या एका जुडीपासून करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. या भाजीला फोडणीचे साहित्य, मूठभर डाळ आणि मीठ यांपलीकडे फारसे काही लागत नाही, आणि मेथी खरोखर ताजी असेल तर चवीचे निम्मे काम बाजारातच झालेले असते.

म्हणून खरेदी सावकाश करावी. जुडीतील एक देठ वाकवून पाहावा. कोवळा देठ कट्‌कन मोडतो, तर जून देठ नुसता वाकतो आणि मोडलाच तर त्याला दोरा सुटतो. वरून पाणी मारलेली जुडी टवटवीत दिसत असली तरी मधोमध काळपट व चिकट झालेली असू शकते, त्यामुळे बांधलेली दोरी किंचित सैल करून आत डोकवायला संकोच करू नये. फुलावर आलेली मेथी शक्यतो घेऊ नये. मुंबईच्या बाजारात मिळणारी, इवल्या पानांची समुद्रमेथी चवीला सौम्य असते, परंतु ती वाळूत वाढलेली असल्यामुळे धुण्याची मेहनत दुप्पट होते.

घरी आल्यावर जुनी वर्तमानपत्रे पसरून मेथी निवडायला बसावे. पाने आणि त्यांच्या लगतचा कोवळा देठ तेवढा घ्यावा. या कामाला वीस मिनिटे सहज लागतात आणि बहुतेकांना ती वाया गेलेली वाटतात, पण माझ्या मते स्वयंपाकाची गोडी येथेच लागते, कारण बोटांना मेथीचा वास लागतो, पिवळे पान नजरेला आपोआप टिपता येऊ लागते आणि घरातील आणखी कोणी समोर येऊन बसले की गप्पांच्या ओघात जुडी कधी संपली ते कळत नाही.

निवडलेली भाजी चिरण्याआधीच धुवावी. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाने त्यात बुडवावीत, हाताने हलवून चार-पाच मिनिटे तशीच ठेवावीत आणि नंतर अलगद वर उचलून चाळणीत काढावीत. पातेलेच चाळणीवर उपडे केले, तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, म्हणजे साधारणतः तीन वेळा, हे करावे.

चार माणसांसाठी एक मोठी जुडी आणि अर्धा तास भिजवलेली 2 टेबलस्पून मुगाची डाळ पुरते. लोखंडी कढईत 2 टेबलस्पून तेल तापवून मोहरी तडतडू द्यावी, मग हिंग, ठेचलेल्या लसणाच्या 6-7 पाकळ्या आणि 2-3 हिरव्या मिरच्या घालाव्यात. लसणाच्या कडा तांबूस झाल्या की हळद आणि लगेच डाळ घालून पाण्याचा हबका मारावा व झाकण ठेवावे. डाळीचा दाणा बोटांनी दाबल्यावर मोडला, पण त्याचा लगदा झाला नाही, की चिरलेली मेथी घालावी.

यापुढे मात्र झाकण ठेवू नये. भाजीतून वाफेबरोबर बाहेर पडणारी आम्लद्रव्ये झाकणामुळे पुन्हा कढईत उतरतात, त्यांच्यामुळे पानांच्या हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि हिरवागार रंग शेवाळी होतो. मीठही शेवटीच घालावे, कारण कढईभर दिसणारी मेथी पाहता पाहता वाटीभर होते आणि आधी घातलेले मीठ हमखास जास्त होते. पाच-सहा मिनिटांत पाणी आटले की गॅस बंद करावा. कडूपणा घालवण्यासाठी काहीजण बरीच साखर घालतात. मला ते मेथीवर अन्याय करणारे वाटते. गुळाचा लहानसा खडा किंवा मूठभर ओले खोबरे तेवढे चालेल. भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, लोखंडात राहिली तर ती काळवंडते.

सोबत ज्वारीची भाकरी असेल तर पीठही ताजे हवे. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन, म्हणजे कणीक एकसंध धरून ठेवणारे प्रथिन, नसते, त्यातच पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. अशा वेळी पिठात उकळते पाणी घालून, ते चमच्याने कालवून, हाताला सोसेल इतके निवल्यावर खूप मळावे. तव्यावर टाकलेल्या भाकरीच्या वरच्या अंगाला लगेच पाणी फिरवावे, ते सुकत आले की भाकरी उलटावी, आणि दुसरी बाजू भाजली गेली की पहिली बाजू थेट आचेवर धरावी. भाकरी टम्म फुगते तेव्हा पाने वाढलेली असावीत, कारण पापुद्रा उचलून त्यातून वाफ निघत असतानाच मेथीचा पहिला घास घ्यायचा असतो.