लग्नाची नऊवारी आपल्या बांध्याप्रमाणे कशी निवडावी

दुकानात साडी बघताना आपण पदर खांद्यावर टाकतो, आरशात बघतो आणि रंग आवडला की घेऊन टाकतो. सहावारीला ते चालून जातं. नऊवारीचं रूप मात्र कमरेची गाठ, निऱ्या आणि पायांमधून मागे नेऊन खोचायचा कासोटा यांवर ठरतं, आणि दुकानाच्या आरशात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून साडी घ्यायच्या आधी घरी तासभर काढा. आई, मावशी किंवा आजीची जुनी नऊवारी असेल ती नेसून बघा. कापड कुठे फुगतं, कुठे ताणतं हे एकदा अंगावर कळलं की दुकानात काय मागायचं ते आपोआप सुचतं.

आधी अनवाणी उभ्या राहा

मुहूर्ताला वधूच्या पायात चप्पल नसते. त्यामुळे उंचीचं माप अनवाणीच घ्यायचं, कमरेपासून जमिनीपर्यंत. माझ्या वेळी ते सँडल घालून घेतलं गेलं आणि सप्तपदीत साडी सारखी पायाखाली येत होती. उंच सँडलचा विचार स्वागतसमारंभाच्या शालूसाठी ठेवा.

याच मापावरून साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी बघायची. नऊवारीची लांबी साधारण ८.२ मीटर असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पन्हा मात्र कुणी विचारत नाही. तुम्ही उंच असाल तर कमी पन्ह्याच्या साडीत घोटे उघडे पडतात, मग ती कितीही भारी असो. उंची कमी असेल तर जास्तीचा पन्हा कमरेशी दुमडावा लागतो आणि नेमकी तिथेच जाडी दिसते. दुकानदाराकडून टेप मागून घ्या आणि स्वतः मोजा.

काठाकडे नीट बघा

नऊवारीत सगळ्यात जास्त बोलतो तो काठ. सहावारीत तो पायाशी एका रेषेत राहतो. नऊवारीत मात्र निऱ्यांचं टोक पायांमधून मागे नेऊन खोचलं की काठ पाठीमागे मधोमध कमरेपासून खाली उतरतो. फोटोग्राफर मागूनही फोटो काढतो, हे विसरू नका.

कमरेखालचा भाग भरदार असेल तर रुंद, झगझगीत जरीचा काठ नजर तिथेच नेतो. दोन-तीन इंचांचा नारळी काठ घ्या, रंगही साडीच्या अंगाच्या रंगाशी जवळचा. भरजरी काम हवंच असेल तर ते पदरावर आणि ब्लाउजच्या बाहीवर येऊ द्या. मोराचा पदर आणि कोपरापर्यंत काठाची बाही असली की चेहरा आणि खांदे उठून दिसतात. बुटक्या मुलींनाही मी बारीक काठच सुचवते, कारण रुंद काठ उंचीचे तुकडे पाडतो. उंच, सडपातळ मुलींनी मात्र मोठ्या काठाची, विरोधी रंगाची पैठणी बिनधास्त घ्यावी. ती त्यांनाच पेलते.

कासोटा किती ओढायचा

लावणीच्या ढंगाने घट्ट ओढलेला कासोटा पायांचा आणि नितंबांचा आकार स्पष्ट दाखवतो. सडपातळ अंगाला तो छान दिसतो. मांड्या भरलेल्या असतील तर ब्राह्मणी पद्धतीची, जरा सैल आणि घोट्यापर्यंत येणारी नेसण घ्या. कापड खाली सुटं पडतं आणि मांडी घालून बसतानाही त्रास होत नाही.

पोट पुढे असेल तर खरी अडचण ओच्याची, म्हणजे पुढे खोचलेल्या निऱ्यांची असते. सगळ्या निऱ्या एकाच जागी खोचल्या की तिथे गोळा होतो. निऱ्या थोड्या पसरून, हाताने चापून खोचायला सांगा. गाठ नेमकी पोटावर न येता किंचित बाजूला घ्या. अशा वेळी कडक, फुगणाऱ्या रेशमापेक्षा मऊ रेशीम बरं. फार बारीक अंगाला मात्र तेच कडक रेशीम आणि भरपूर निऱ्या भारदस्तपणा देतात.

छाती भरदार असेल तर पदराच्या अरुंद चुण्या घालून तो खांद्यावर पक्का पिनअप करा आणि ब्लाउज मापाचाच शिवा. दंड झाकावेसे वाटत असतील तर शेला दोन्ही खांद्यांवरून घ्या. धड आखूड असेल तर रुंद कंबरपट्टा टाळा, नाजूक साखळी पुरे.

नेसायची की शिवलेली?

ज्यांना नेसायची सवय नाही, त्यांच्यासाठी शिवलेली सोयीची आहे यात वाद नाही. पण ती नितंब आणि मांड्यांच्या मापाला बांधलेली असते, म्हणून शिंप्याला बसूनही माप घ्यायला सांगा. आणि एक विनंती मनापासून करते: हातमागाची खरी पैठणी शिवायला कापू नका. एकदा कापली की तिची पुन्हा साडी होत नाही, लेकीला देताही येत नाही. शिवायला सेमी सिल्क घ्या. पैठणी नेसायची असेल तर नेसवणारी गाठा.

विधी करून बघा

साडी आणि ब्लाउज तयार झाले की नुसतं उभं राहून बघू नका. गौरीहराला बसतो तसं पाटावर मांडी घालून पंधरा मिनिटं बसा. हार घालण्यासाठी दोन्ही हात वर न्या, तेव्हा ब्लाउज वर सरकतो का ते बघा. वाकून नमस्कार करा आणि उठा. सात पावलं चाला. ओचा सुटला, काखेत ताण आला किंवा कासोटा ओढला गेला, तर दुरुस्तीला अजून वेळ असतो.

ही तालीम लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी करा, महिनाभर आधी नको. मधल्या दिवसांत घरोघरी केळवणं होतात आणि कंबर एखाद-दीड इंचाने सहज बदलते. ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना आत इंचभर माया, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड ठेवायला शिंप्याला सांगून ठेवा. आणि लग्नाच्या दिवशी जी नेसवणार आहे, तिलाच या तालमीला बोलवा.