भुंग्याचा क्लोजअप: काळा गोळा आणि पांढरे डाग कसे गेले

खुळखुळ्याच्या पिवळ्या फुलावर मध पिणारा काळा भुंगा फोटोत नुसता काळा गोळा दिसायचा. फ्लॅश मारला की पाठीवर पांढरेफटक डाग, आणि पंखांवरची निळी-जांभळी झाक गायब. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवला तर पाकळ्या जळायच्या, म्हणजे तपशील जाऊन नुसत्या पांढऱ्या दिसायच्या. फ्लॅशवर टिश्यू पेपर बांधूनही डाग तसेच. अक्षरशः वैताग आला होता.

उपाय असा. भुंग्याची पाठ आरशासारखी चकचकीत असते, म्हणून प्रकाशाचा स्रोत मोठा आणि जवळ हवा. आधी फ्लॅशपुढे पांढऱ्या फोमशीटचा वाकवलेला पडदा लावला, लेन्सच्या टोकापर्यंत येईल एवढा. मग कॅमेरा मॅन्युअलवर: लेन्सचं छिद्र एफ/११, शटर १/२०० सेकंद, आयएसओ २००. फ्लॅश १/८ ताकदीवर ठेवून आधी रिकाम्या फुलाचा फोटो घेतला आणि पाकळीचे तपशील दिसेपर्यंत फ्लॅश कमी केला. शेवटी ऑटोफोकस बंद. भुंगा बसला की अंग किंचित पुढे झुकवत न्यायचं, डोळा स्पष्ट दिसताक्षणी क्लिक.

आपली सावली फुलावर पडू देऊ नका, लगेच उडतो. नांगी फक्त मादीला असते, तीही पकडल्याशिवाय सहसा डसत नाही.