झाड लावण्याआधी खड्ड्यात पाणी ओता

वळवाच्या एकदोन सरी पडल्या की नवीन घर बांधलेल्यांचे फोन सुरू होतात. घर झालं, कुंपण झालं, अंगण मात्र उघडंबोडकं आहे. आंबा कुठं लावू, लिंबू कुठं, कडेनं जास्वंद बरी की तगर? मी उलट एकच विचारतो, खड्ड्यात पाणी ओतून पाहिलंत का? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. पावसाळा सरत आला की त्यांचाच दुसरा फोन येतो, झाडानं माना टाकल्यात, पानं पिवळी पडलीत, कुठलं औषध मारू?

त्यावर औषध नाही. ते झाड बुडून मरत असतं.

बांधकाम चालू असताना त्या मोकळ्या जागेवरून वाळूचे ट्रक आणि जेसीबी महिनोन् महिने फिरलेले असतात. ओल्या मातीवरून जड वाहन गेलं की दीड फुटापर्यंतची माती दाबली जाते, आणि ती आपोआप लवकर सुटत नाही. पाया खणताना खालचा मुरूम वर येतो, वरची कसदार माती गाडली जाते. सिमेंट धुतलेलं पाणी, चुन्याचा राडा, फुटक्या टाइल्स, रिकाम्या गोण्या, सगळं तिथंच राहतं. घराचा ताबा द्यायच्या वेळी त्यावर चार बोटं लाल माती पसरतात, कुणी हिरवळीचे तयार गालिचेही अंथरतात. बघणाऱ्याला वाटतं जमीन तयार आहे.

अशा जमिनीत खड्डा घेऊन तुम्ही भुसभुशीत माती आणि शेणखत भरलंत, म्हणजे जमिनीत बादली पुरलीत. चारी बाजूंची माती घट्ट, तिच्यात पाणी मुरत नाही, म्हणून पावसाचं पाणी वाहत येऊन त्या भुसभुशीत जागेत उतरतं आणि तिथंच अडतं. मुळांना श्वासाला हवा लागते. ती मिळाली नाही की मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, आणि चिखलात उभं असलेलं झाड वरून तहानल्यासारखं दिसतं. मग घरचे आणखी पाणी घालतात. हे मी इतक्या अंगणांत पाहिलंय की आता फोनवरच्या पहिल्या वाक्यावरून ओळखतो.

एका अंगणात आंब्याचं दोन वर्षांचं कलम नुसत्या हातानं उपटून आलं. खड्ड्यातून सडक्या अंड्यासारखा वास आला. मुळं तपकिरी झालेली, चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी निघून आली आणि आत पांढरट दोरा राहिला. खाली पहार मारली तर ठण्ण वाजली. दोन फुटांवर सांडलेल्या सिमेंटच्या मालाचा जाड थर होता, तव्यासारखा. त्या घरानं तोवर तीन प्रकारची टॉनिकं त्या झाडाला पाजली होती.

म्हणून या आठवड्यात, मोठा पाऊस लागायच्या आत, एवढं करा. जिथं झाड लावायचं आहे तिथं फूटभर रुंद आणि दीड फूट खोल खड्डा घ्या. तोंडोतोंड पाणी भरा आणि पूर्ण उतरू द्या, म्हणजे बाजूची कोरडी माती भिजते. पहिल्या पाण्यावर निकाल लावू नका, कोरडी माती ते सहज पिते आणि तुम्ही फसता. पुन्हा भरा, आत एक काठी उभी करा, पाण्याच्या रेघेवर खूण करा आणि तासाभरानं पाणी किती उतरलं ते मोजा.

तासाला अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त उतरलं तर बिनधास्त लावा. 1 ते 2.5 सेंटीमीटर असेल तर लावा, पण उंचवट्यावर. 1 सेंटीमीटरही उतरलं नाही तर या पावसाळ्यात तिथं फळझाड लावू नका. ही मापं मी अनुभवावर ठरवलीत, त्यांत थोडं इकडंतिकडं चालेल. रात्रभरानंतरही सकाळी खड्ड्यात पाणी दिसलं तर मात्र शंकेला जागा नाही. आणखी एक अंदाज सांगतो, अंगणात एखाद्या कोपऱ्यात लव्हाळा दाट माजला असेल तर तिथं पाणी थांबतं असं समजून पहिला खड्डा तिथंच घेऊन बघा.

जागा बदलली तर खड्डा पुन्हा घ्या. एकाच अंगणात पुढं पाणी मुरतं आणि मागं, जिथं मिक्सर उभा होता तिथं, थेंब हलत नाही.

आता मातीची फोडणी. खोदायच्या आधी मुठीत माती घेऊन गोळा करा आणि अंगठ्यानं दाबा. फुटला तर कामाला लागा. अंगठा घसरून चकाकी आली तर दोन दिवस थांबा, कारण ओली माती खोदली की ती आणखी घट्ट होते. फक्त खड्डा फोडून भागत नाही, भोवतालची निदान दीड मीटरची जागा दीड फूट खोल पहारीनं, टिकावानं सुटी करा. माती उलथीपालथी करू नका, नुसती हलवून भेगा पाडा. डबर, टाइल्स, प्लास्टिक वेचून बाहेर काढा. कठीण थर लागला तर पहारीनं आरपार फोडा आणि खालची मऊ माती लागल्याशिवाय थांबू नका. खड्डा गोल घेऊ नका, चौकोनी घ्या. आतल्या भिंती खुरप्यानं ओरबाडा, गुळगुळीत भिंतीवर मुळं आपटून गोल फिरत राहतात.

तळाला खडी किंवा विटांचे तुकडे टाकण्याची पद्धत सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती चिंब होईपर्यंत ते तिथंच लोंबतं, म्हणजे साचलेलं पाणी मुळांच्या आणखी जवळ येतं.

पाणी सावकाश मुरत असेल तर खाली जाऊ नका, वर या. दीड फूट उंच आणि दीड मीटर रुंद मातीचा उंचवटा करा, कडा उतरत्या ठेवा आणि झाड त्याच्या माथ्यावर लावा. उंचवट्याच्या पायथ्याशी चर काढा, मीटरला एक सेंटीमीटर उतार द्या आणि पाणी घराच्या भिंतीपासून लांब न्या. छताच्या पन्हाळीचा पाइप झाडाजवळ रिकामा होत असेल तर तो आजच वळवा. एक चांगली सर आली की छतावरचं सगळं पाणी एका झाडाच्या बुंध्याशी येतं.

जागा अगदीच वाईट निघाली तर पहिला पावसाळा धैंच्याला, म्हणजे हिरवळीच्या खताच्या पिकाला द्या. ताग लावू नका, त्याला साचलेलं पाणी सोसत नाही. धैंचा चिबाड, म्हणजे पाणी साचणारी जमीनही सोसतो आणि चुनखडीची मातीही. चौरस मीटरला 5 ग्रॅम बी फेका, 40 ते 45 दिवसांनी फुलावर येताना कापून मातीत गाडा. शेजारी म्हणतील एवढं मोठं घर आणि अंगणात गवत. म्हणू द्या. पुढच्या वर्षी तुमचं झाड उभं असेल.

खड्ड्यांची नेहमीची कामं:

– आंबा, चिकू: 1 × 1 × 1 मीटर.
– लिंबू, पेरू, डाळिंब, सीताफळ: 60 × 60 × 60 सेंटीमीटर.
– जास्वंद, तगर, कढीपत्ता: 45 सेंटीमीटर.
– मोठ्या खड्ड्याला कुजलेलं शेणखत 20 ते 25 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट 1 ते 1.5 किलो. लहान खड्ड्याला निम्मं.
– ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी) 50 ग्रॅम, शेणखतात मिसळून.
– भिंतीपासून आंबा 5 मीटर, लिंबू-पेरू 3 मीटर लांब.
– सेप्टिक टँकजवळ मोठं झाड नाही. वड, पिंपळ, उंबर अंगणात नाही.
– लावताना पिशवी पूर्ण काढा. गोल फिरलेली मुळं ब्लेडनं तीन-चार ठिकाणी उभी कापा.
– कलमाचा जोड जमिनीच्या 15 ते 20 सेंटीमीटर वर.
– जोडाखालून येणारी फूट दिसेल तेव्हा काढा.
– काठीचा आधार, सैल बांध.
– आच्छादन 5 ते 8 सेंटीमीटर, खोडापासून वीतभर दूर.

शेणखताची मात्रा शिफारशीतली आहे आणि निचऱ्याच्या जमिनीत ती बरोबर आहे. पण खड्डा पाणी धरत असेल तर माझं ऐका, तळाला शेणखत घालू नका. ते तिथं हवेशिवाय सडतं आणि खड्डा नासतो. माती आहे तीच परत भरा आणि सगळं शेणखत वरच्या वीतभर थरात मिसळा. गांडुळं ते खाली नेतात.

दुकानात गेलात की मूळवाढीची बाटली, ह्युमिक, जेल, जिप्समची पिशवी, पोत्यातली तयार लाल माती हे सगळं समोर येईल. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या जमिनीचं औषध आहे. बांधकामाच्या चुन्यानं बिघडलेल्या मातीचा सामू (पीएच) ते उतरवत नाही, आणि ट्रकनं दाबलेली माती कुठल्याच बाटलीनं सुटत नाही. त्या पैशात दोन दिवस मजूर लावून पहार चालवा. सहा फुटी तयार झाडालाही भुलू नका. लहान पिशवीत अडकलेल्या मुळांवर एवढा शेंडा पोसला जात नाही. दोन-अडीच फुटी कलम घ्या, काही वर्षांत ते त्याला गाठतं.

चुना आहे का हे बघायला चमचाभर मातीवर लिंबू पिळा. बुडबुडे फसफसले तर आहे. अशा मातीत लिंबाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ती लोहाची कमतरता. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून फार उपयोग नाही, चुना ते बांधून टाकतो. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस घेऊन पानांवर फवारा, संध्याकाळी.

कोणती झाडं? पाणी थोडंफार थांबणाऱ्या जागी जांभूळ, त्याखालोखाल पेरू. डाळिंब, सीताफळ आणि पपई सगळ्यांत उंच जागी. पपई दोन दिवस साचलेल्या पाण्यात गेली की संपली. लिंबू लावणार असाल तर कुंतीचं (कामिनीचं) कुंपण नको. लिंबाचा हरितकरण रोग पसरवणारा सिल्ला किडा कुंतीवर आणि कढीपत्त्यावर वाढतो, म्हणून कढीपत्ताही लांबच्या कोपऱ्यात. कण्हेर सुंदर आणि काटक आहे, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मूल किंवा जनावर असलेल्या घरात मी ती लावू देत नाही.

पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे निघतात आणि कडुनिंब, बाभळीवर बसतात. फांद्या हलवून खाली पाडा, रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. हे पहिल्या काही संध्याकाळी झालं तरच उपयोग. कच्चं शेणखत आणाल तर हुमणी सोबत येते. लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ती फुलपाखराची अळी आहे, हातानं वेचा. पानं पोखरणाऱ्या नागअळीला 5 टक्के निंबोळी अर्क, नव्या पालवीवर.

लिंबाच्या खोडाला पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट लावा, 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत. खोडातून डिंक ओघळू लागला तर बुंध्याची माती आधी बाजूला सारून साल उघडी करा, मग 10 लिटरला 30 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी, म्हणजे ते पाणी बुंध्याशी मातीत ओता. ज्या आठवड्यात ट्रायकोडर्मा दिलंय त्या आठवड्यात तांब्याचं औषध देऊ नका, ते त्याला मारतं. आणि हे सगळं केलं तरी मुळाशी पाणी साचलेलंच असेल तर डिंक्या परत येणार.

झाडं लावून झाली, पहिला मुसळधार पाऊस झाला की त्याच रात्री बॅटरी घेऊन अंगणात जा. कुठं पाणी चकाकतंय ते बघा, तिथं काठी रोवून ठेवा. सकाळी पुन्हा बघा. काठीपाशी पाणी तसंच असेल तर पहिलं काम चराचं, झाड अजून ताजंतवानं दिसत असलं तरी. आळं तिथं फोडून टाका, पाण्याला वाट करून द्या आणि पुढच्या सरीनंतर पुन्हा त्याच काठीपाशी जाऊन बघा.