वाफेचा जुना रेडिएटर: थंड का राहतो, ठोके का मारतो

न्यूयॉर्क किंवा जर्सी सिटीतल्या शंभर वर्षं जुन्या घरात पहिला हिवाळा काढणाऱ्याला हा अनुभव हमखास येतो. एका खोलीत घाम फुटतो, दुसरीत स्वेटर उतरत नाही आणि पहाटे कुणीतरी पाइपवर घण घालतंय असं वाटतं. म्हणून वाफेवर घर तापवणारी ही यंत्रणा मोडीत काढायची घाई करू नका. तिच्यात फिरणाऱ्या भागांपेक्षा वाटाच जास्त आहेत आणि बहुतेक वेळा त्यातली एखादी अडलेली असते.

इथे एकाच पाइपच्या रेडिएटरबद्दल, म्हणजे वाफेने तापून खोली गरम करणाऱ्या लोखंडी उपकरणाबद्दल लिहितो आहे, कारण अशा घरांत तोच जास्त दिसतो. तळघरातल्या बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, म्हणजे ते सुमारे १,७०० पट फुगतं. ही वाफ आतली हवा पुढे ढकलत वर येते, हवा रेडिएटरच्या बाजूच्या छोट्या व्हेंटमधून बाहेर पडते. निवलेलं पाणी त्याच पाइपने खाली परततं. दोन्ही टोकांना पाइप असेल तर तो वेगळा प्रकार. तिथे जाणकार प्लंबरच बोलवा.

सुरुवात तळघरातून करा. बॉयलरवर पाण्याची पातळी दाखवणारी उभी काचनळी असते. बॉयलर बंद असताना ती साधारण अर्धी ते दोन तृतीयांश भरलेली हवी. नळी रिकामी दिसली आणि बॉयलर तापलेला असला, तर लगेच पाणी सोडू नका. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की बॉयलर तडकतो. आधी बंद करा, पूर्ण निवू द्या, मग भरा.

आता थंड रेडिएटरकडे या. खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना, ते पाहा. उघडा असूनही गारच असेल तर संशय व्हेंटवर. बॉयलर बंद करून सगळं निवल्यावर व्हेंट हलक्या हाताने फिरवून काढा आणि त्यात फुंकर मारा. आमच्या मागच्या खोलीतल्या व्हेंटमधून फुंकर जाईच ना. झटकला तेव्हा चहाच्या रंगाचे दोन थेंब पडले. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये उकळल्यावर तो मोकळा झाला. तुमचा झाला नाही तर नवीन घ्या, महाग नसतो. बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप लावा आणि व्हेंट सरळ उभा ठेवा. वाफ पोचल्यावरही तो सतत फुसफुसत राहिला तर तो बंद होत नाही असं समजा आणि बदला. बॉयलरपासून लांबचे सगळेच रेडिएटर उशिरा तापत असतील तर तळघरातल्या मुख्य पाइपच्या टोकाचा मोठा व्हेंट तपासा.

ठोक्यांचं कारण साचलेलं पाणी. वेगाने येणारी वाफ ते उचलून पाइपवर आपटते. रेडिएटरवर पाणसळ ठेवा: उतार व्हॉल्व्हच्या बाजूला हवा. वर्षानुवर्षांच्या वजनाने लाकडी जमीन बसते आणि उतार उलटा होतो. मग व्हेंटकडच्या पायांखाली पातळ लाकडी पट्टी सरकवा. एकट्याने उचलू नका, हे ओतीव लोखंड आहे. खोली फार तापते म्हणून व्हॉल्व्ह अर्धवट पिरगळून ठेवण्याची सवयही ठोक्यांना बोलावते. पाण्याला परतायला वाटच उरत नाही. व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद.

बॉयलरचा दाब वाढवून मात्र काही साधत नाही. घराला दीड-दोन पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) पुरतो. दाब वाढला की इंधन जास्त जळतं आणि व्हेंट लवकर बिघडतात.

पाइपवरच्या जुन्या पांढऱ्या वेष्टनाला हात लावू नका, त्यात फुप्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस असू शकतं. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. भाड्याने राहत असाल तर बॉयलर मालकाकडे सोपवा. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेरचं तापमान ५५ अंश फॅरेनहाइटच्या खाली गेलं, तर सकाळी ६ ते रात्री १० घरात किमान ६८ अंश ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. रात्री किमान ६२. तक्रार शहराच्या ३११ या फोन क्रमांकावर करता येते.

स्वतःचं घर असेल आणि बॉयलरला तरंगत्या गोळ्याचा, पाणी कमी पडल्यावर आग बंद करणारा स्विच असेल, तर हिवाळाभर दर आठवड्याला एक काम चुकवू नका. बॉयलर चालू असताना त्या स्विचच्या नळाखाली बादली धरून जपून गढूळ पाणी सोडा, ते उकळतं असतं. बॉयलर आपोआप विझला पाहिजे. विझला नाही तर मुख्य स्विच बंद करा आणि त्याच दिवशी प्लंबरला बोलवा.