चिकाटी दाखवायची कशी?

‘तिने हार मानली नाही’ असं वाक्य माझ्या कथेच्या कच्च्या खर्ड्यात आलं की मी ते आधी खोडते. चिकाटी सांगून पटत नाही, ती मोजता यावी लागते. अमेरिकी लेखक हेमिंग्वेच्या १९५२ च्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या कादंबरीतला म्हातारा कोळी ८४ दिवस एकही मासा न मिळता परततो आणि ८५व्या दिवशी पुन्हा होडी लोटतो. अर्धं काम तो आकडाच करतो.

तुमच्या पात्रालाही असा आकडा द्या. मग एकच कृती तीनदा लिहा, पण अपयशाची जात बदलत न्या, नाहीतर वाचक कंटाळून पानं उलटतो. माझ्या कथेतली बाई पक्षाघातानंतर डाव्या हाताने सही शिकते. आधी कागद फाटतो. मग अक्षरं ओळ सोडतात. शेवटी सही छान जमते, पण बँकेतल्या जुन्या नमुन्याशी जुळत नाही! हा तिसरा टप्पा सुचायला मला महिना लागला.

सोडून देण्याची वाटही खरोखर उघडी ठेवा. मुलगा मायेने म्हणतो, “आई, अंगठा चालतो गं.” तिथे तिला भाषण देऊ नका. तिने फक्त पेनाचं टोपण काढावं.